रिसीव्हरचे दोन चॅनेल रिकामे पडलेत, बाय-ॲम्पिंग करावं का?

निळा_पतंग (धागालेखक):

माझ्याकडे सात चॅनेलचा एव्ही रिसीव्हर आहे आणि खोलीत स्पीकर पाचच, शिवाय एक सबवूफर. म्हणजे मागच्या सराउंडसाठीचे दोन चॅनेल नुसते बसून आहेत. पुढचे दोन फ्लोअरस्टँडर आहेत, त्यांच्या पाठीला चार-चार टर्मिनल आणि मध्ये सोनेरी पट्ट्या. रिसीव्हरच्या मेन्यूत ‘ॲम्प असाइन’मध्ये ‘बाय-ॲम्प’ असा पर्याय दिसतो, म्हणजे स्पीकरच्या वूफरला (खालचे स्वर) एक चॅनेल आणि ट्विटरला (वरचे स्वर) दुसरा. मॅन्युअल म्हणतं की याने ‘अधिक दर्जेदार आवाज’ मिळतो. कसा, ते गुलदस्त्यात.

तर प्रश्न असे:
१. चॅनेल दुप्पट लावले म्हणजे ताकद दुप्पट होते का? शंभर वॅटचे दोन म्हणजे दोनशे?
२. कानाला फरक कळतो का?
३. काही जळायचा धोका आहे का?

स्पीकर ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे, नॉमिनल ८ ओम. बसायची जागा साधारण तीन मीटरवर. सिनेमे आणि गाणी निम्मी-निम्मी.

आळशी_उंट:

तुमच्या मॅन्युअलमध्ये निदान एक ओळ तरी आहे. माझ्यात नुसतं चित्र आहे आणि त्यात बाण उलटा आहे. वाचतोय.

झणत्कार:

बिनधास्त करा. फुकटात मिळतंय ते सोडायचं कशाला? माझे स्पीकर असेच जोडलेत. आवाज मोकळा झाला, गायकाचा गळा वाद्यांच्या गर्दीतून सुटा ऐकू येतो, डग्ग्याची घुमक भरीव लागते. ज्यांना फरक कळत नाही त्यांनी खोलीला दोष द्यावा, नाहीतर कानांना. (हलके घ्या.)

अर्धा_ओम:

मतमतांतरं होत राहतील, आधी तिसरा प्रश्न घेऊ. कारण धूर निघतो तो तिथेच.

त्या सोनेरी पट्ट्या काढल्याशिवाय दुसरी केबल जोडायची नाही. पट्ट्या तशाच राहिल्या तर दोन ॲम्प्लिफायरची आउटपुट थेट एकमेकांना जोडली जातात. मेन्यूत बाय-ॲम्प निवडलेलं नसेल तर प्रकरण आणखी वाईट: मागच्या सराउंडच्या चॅनेलला सिग्नलच नसतो, त्याचा आउटपुट रोध ओमच्या शतांशांत असतो, आणि पुढच्या चॅनेलला तो चक्क शॉर्ट सर्किट वाटतो.

माझी पद्धत सांगतो. रिसीव्हरची वीज बंद, पिन भिंतीतून बाहेर. दोन्ही स्पीकरच्या मिळून चारही पट्ट्या काढून खिशात टाकायच्या (खिशात म्हणजे खिशातच, स्पीकरवर ठेवल्या की घरंगळून मागे पडतात). मग मल्टिमीटर ओमवर ठेवून खालच्या जोडीला लावा. ८ ओमच्या वूफरला साधारण ६ ओमच्या आसपास आकडा येतो, कारण मीटर फक्त कॉइलचा डीसी रोध मोजतो. वरच्या जोडीला लावलंत की आकडा चढत जाऊन ‘ओपन’ दाखवेल. घाबरू नका, ट्विटर गेलेला नाही. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. शेवटी वरचा लाल ते खालचा लाल आणि वरचा काळा ते खालचा काळा मोजा. कुठेही जोड दिसला तर आतला क्रॉसओव्हर (वूफर-ट्विटरमध्ये स्वर वाटणारं सर्किट) पूर्ण वेगळा केलेला नाही असं समजून तिथेच थांबा.

हे निस्तरलं की केबली, मग मेन्यू, मग व्हॉल्यूम अगदी खाली ठेवून गाणं. आमच्या मेव्हण्यांकडे एक तंत्रज्ञ जोडून गेला होता. एका स्पीकरच्या पट्ट्या काढल्या, दुसऱ्याच्या तशाच, मेन्यूला हात नाही. गाणं सुरू केलं की क्लिक, लाल दिवा, बंद. नशीब, प्रोटेक्शन शाबूत होतं.

निळा_पतंग:

हे प्रिंट काढून रिसीव्हरवर चिकटवतो. धन्यवाद!

शून्यडेसिबल:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, दोनशे होत नाहीत. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे.

बाय-ॲम्प मोडमध्ये रिसीव्हर दोन्ही चॅनेलना एकच, खालच्या-वरच्या सगळ्या स्वरांचा सिग्नल पाठवतो. स्पीकरच्या आतला पॅसिव्ह क्रॉसओव्हर जागच्या जागी असतो. ट्विटरकडचा फिल्टर खालच्या स्वरांना मोठा इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) दाखवतो, म्हणून त्या चॅनेलमधून बेसचा करंट वाहत नाही. इथवर बरोबर आहे. पण व्होल्टेज? ते त्या चॅनेललाही पूर्णच्या पूर्ण काढावं लागतं. ॲम्पचा आवाज फाटतो तो बहुतेक वेळा व्होल्टेज संपल्यामुळे. ८ ओमला १०० वॅट म्हणजे २८.३ व्होल्ट आरएमएस, शिखर ४० व्होल्ट. संगीताच्या एखाद्या ठोक्याला ४५ लागले तर चॅनेल एक असो वा दोन, दोघंही ४० लाच डोकं आपटणार. ट्विटरवाला चॅनेलही, बरं का, जरी त्याला त्या बेसशी काही देणंघेणं नसलं तरी.

आता वाटणी पाहा. संगीतातली बहुतेक ऊर्जा खालच्या आणि मधल्या पट्ट्यात असते. तुमचा क्रॉसओव्हर २.५ किलोहर्ट्झच्या आसपास असेल तर ट्विटरच्या वाट्याला किरकोळ हिस्सा येतो. दुसरा चॅनेल शंभर वॅट घेऊन तयार उभा, आणि त्याच्याकडे मागणं असतं फार तर काही वॅटचं.

त्यात सातही चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर पोसलेले. टाकी तीच, नळ दोन लावले म्हणून पाणी वाढत नाही. खोक्यावरचा १०० वॅटचा आकडा बहुधा ‘दोन चॅनेल चालू असताना’ असा मोजलेला असतो. सगळे एकदम चालवले की तो खाली येतो, किती खाली ते कंपनी सहसा मोठ्या अक्षरात छापत नाही.

आणि समजा, चमत्कार झाला आणि खरंच १०० चे २०० झाले. मिळतात ३ डेसिबल. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तुमचा स्पीकर १ वॅटला एका मीटरवर ८६ डेसिबल देतो, १०० वॅटला १०६. तीन मीटरवर मोकळ्या मैदानात त्यातले साडेनऊ गेले असते, बंद खोलीत त्याहून कमी जातात, शिवाय स्पीकर दोन आहेत. हिशेब करून पाहा, रोजच्या ऐकण्यात तुम्ही सरासरी एखाद्या वॅटच्या आसपास घुटमळत असता.

पायरी_सातवी:

रिसीव्हरच्या पाठीवर वीजवापराचा आकडा असतो तोही बघा. सात चॅनेल गुणिले १०० म्हणजे ७०० वॅट. क्लास बी आउटपुट स्टेजची कार्यक्षमता आदर्श परिस्थितीतही ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे भिंतीतून ९०० च्या आसपास घ्यायला हवेत. माझ्या पाठीवर लिहिलंय ५००. बोला आता!

अर्धा_ओम:

@पायरी_सातवी, दिशा बरोबर, पण तो आकडा कमाल नसतो. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकं ठरवणारी संस्था) सुरक्षा मानकाप्रमाणे तो सहसा एक-अष्टमांश पॉवरवर मोजतात, कारण खऱ्या संगीताची सरासरी साधारण तिथेच असते. म्हणून ५०० लिहिलंय याचा अर्थ ५०० च्या वर जाणारच नाही असा होत नाही. ट्रान्सफॉर्मरचं वजन हा जास्त प्रामाणिक साक्षीदार.

पायरी_सातवी:

वजन केलं नाही, पण उचलताना कंबरेने साक्ष दिली होती.

झणत्कार:

शून्यडेसिबल यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, नेहमीप्रमाणेच. पण वॅट वाढतात असं मी कुठे म्हटलं? मी आवाज मोकळा होतो म्हटलं. वूफरची कॉइल हलते तेव्हा ती उलट व्होल्टेजही निर्माण करते. एकाच ॲम्पवर दोन्ही असतील तर ती घाण ट्विटरच्या वाटेत शिरते. वेगळे चॅनेल दिले की ती शिरायची वाट बंद. शिवाय ८ ओम म्हणून विकलेले स्पीकर मध्येच ३-४ ओमला उतरतात. तिथे करंट दोन आउटपुट स्टेजमध्ये वाटला गेला तर बरंच नाही का? आणि आकडे कुणी ऐकत नाही, गाणं ऐकतात.

शून्यडेसिबल:

उतरतात हे खरं. आयईसी ६०२६८-५ मध्ये किमान इम्पिडन्स नॉमिनलच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये असं आहे, म्हणजे ८ ओमच्या स्पीकरने ६.४ च्या खाली जायला नको. बरेच जण जातात. पण ती बुडी बहुधा बेसमध्ये किंवा बेस आणि मधल्या पट्ट्याच्या सांध्यात असते. बाय-ॲम्प केल्यावरही ती सगळी वूफरवाल्या चॅनेलच्याच गळ्यात. ट्विटरवाला बाजूला उभा राहून बघतो.

उलट व्होल्टेजबद्दल: ॲम्पचा आउटपुट रोध ओमच्या काही शतांशांइतका असेल तर ते व्होल्टेज तिथेच गिळलं जातं. ट्विटरपर्यंत काय उरतं ते मोजता येतं, आणि ते फारच थोडं असतं. शून्य मात्र म्हणणार नाही. केबल लांब आणि बारीक असेल तर तुमच्या मुद्द्यात थोडा जीव येतो.

तिरपागडे:

केबलचा विषय निघाला. आता हा धागा शंभरी गाठणार.

बोका_नंबर_दोन:

भाबडा प्रश्न: पट्ट्या, टर्मिनल ही भानगड ठेवूच नका. दोन चॅनेलच्या वायरी एकत्र पिळून एकाच टर्मिनलला दिल्या तर? करंट दुप्पट?

अर्धा_ओम:

@बोका_नंबर_दोन, हात मागे घ्या!! वर पट्ट्यांबद्दल लिहिलंय तेच इथेही लागू. दोन चॅनेलचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) केसभर वेगळा असला तरी ते एकमेकांत करंट ढकलत बसतात. खास पॅरलल जोडणीसाठी बनवलेले ॲम्प असतात, त्यांच्या आत त्याची सोय केलेली असते. साध्या रिसीव्हरला हे करायचं नाही.

तुमच्या मनात कदाचित ब्रिजिंग असेल. ते निराळं. त्यात एका चॅनेलला सिग्नल सुलटा, दुसऱ्याला उलटा देतात आणि स्पीकर दोघांच्या लाल टर्मिनलमध्ये बसतो. व्होल्टेज दुप्पट, म्हणून कागदावर वॅट चौपट. पण प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा अर्धाच इम्पिडन्स दिसतो: ८ चा स्पीकर ४ वाटतो, ४ चा २ वाटतो. चौपट कधी मिळत नाहीत, त्याआधी पॉवर सप्लाय किंवा करंटची मर्यादा आडवी येते. ॲम्पवर ‘ब्रिज’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि किमान ओम दिलेले असतील तरच करा. आणि ब्रिजमध्ये स्पीकरची कुठलीच वायर जमिनीच्या पातळीवर नसते, त्यामुळे स्पीकर सिलेक्टरचे खोके किंवा सबवूफरचं हाय-लेव्हल इनपुट तिथे डोळे झाकून जोडू नका.

बोका_नंबर_दोन:

मागे घेतले. हात आणि प्रश्न दोन्ही.

खर्जषड्ज:

रिसीव्हरच्या आतले चॅनेल वापरण्यात फारसं काही हाती लागत नाही, हे मान्य. वेगळे पॉवर ॲम्प असतील तर मात्र चित्र थोडं बदलतं, कारण पॉवर सप्लाय खरोखर वेगळे होतात. बेसच्या जोरदार ठोक्याला एका ॲम्पचं व्होल्टेज बसलं तरी दुसऱ्याचं बसत नाही. मी व्हर्टिकल पद्धतीने चालवतो: प्रत्येक स्पीकरमागे एक स्टिरिओ ॲम्प, त्याचा एक चॅनेल वूफरला, एक ट्विटरला. स्पीकरची केबल हातभर पुरते आणि दोन्ही ॲम्प एकाच मॉडेलचे असल्याने गेनची चिंता नाही. रिसीव्हरला प्रीआउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी सॉकेट) मात्र हवेत. एका प्रीआउटमधून वाय केबलने दोन इनपुट दिले तर चालतं, इनपुट इम्पिडन्स निम्मा होतो एवढंच.

हॉरिझॉन्टल पद्धतीत एक ॲम्प दोन्ही वूफरना, दुसरा दोन्ही ट्विटरना. वर व्हॉल्व्हचा, खाली ट्रान्झिस्टरचा अशी हौस करणारे पुष्कळ आहेत. त्यात गेनचा घोळ ठरलेला. एकाचा गेन २६ डेसिबल आणि दुसऱ्याचा २९ असला तर तुमचा स्पीकर बनवणाऱ्याने घातलेला तोल ३ डेसिबलने बिघडला. ट्विटर ३ डेसिबल वर गेला की पहिल्या दिवशी ‘काय डिटेल!’ आणि चौथ्या दिवशी डोकेदुखी. बाय-ॲम्पिंगने ‘पडदा बाजूला झाला’ असं सांगणाऱ्यांपैकी किती जणांचा पडदा हाच असेल, देव जाणे.

जुळवायला सोपं आहे. ४०० हर्ट्झच्या आतला एखादा टोन लावा (साधे मल्टिमीटर त्याच्या वरच्या एसीला भरवशाचे नसतात), हळू आवाजात दोन्ही ॲम्पच्या आउटपुटला एसी व्होल्टेज मोजा, आणि ज्या ॲम्पला नॉब आहे त्याचा नॉब फिरवून आकडे एक करा. पॅसिव्ह बाय-ॲम्पमध्ये दोन्हींना सारखाच सिग्नल जातो, त्यामुळे एकाच टोनवर काम भागतं.

झणत्कार:

माझे दोन्ही चॅनेल एकाच रिसीव्हरचे आहेत, तेव्हा गेनचा आरोप माझ्यावर लागू नाही. नोंद घ्यावी.

खर्जषड्ज:

घेतली. 🙂

तिरपागडे:

एका ॲम्पमधूनच दोन-दोन केबली ओढून बाय-वायरिंग करणारे आमच्या ओळखीत आहेत. त्यांना विचारलं, विजेला कसं कळतं की बेसने या वायरीतून जायचं? म्हणाले, तिला सवय होते.

शून्यडेसिबल:

गंमत म्हणजे तिला कळतं. वरच्या केबलमधून बेसचा करंट खरंच वाहत नाही, कारण पुढे फिल्टर आहे. फक्त त्याने साधतं काय, हा प्रश्न. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.०११५ ओम. पाच मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, ०.११५ ओम. तेच २.५ चौरस मिलिमीटर घेतलं तर ०.०७ च्या आत. दोन पातळ केबली ओढण्यापेक्षा एक जाड ओढा.

मावळती:

उशिरा आले. इतक्या प्रतिसादांत मूळ गोष्ट अजून कुणी नीट मांडली नाही. तुम्ही सगळे पॅसिव्ह बाय-ॲम्पिंगवर भांडताय. ज्या गोष्टीमुळे बाय-ॲम्पिंगला नाव मिळालं ती ॲक्टिव्ह. त्यात क्रॉसओव्हर ॲम्पच्या आधी, लाइन पातळीवर असतो, आणि स्पीकरच्या आतला पॅसिव्ह क्रॉसओव्हर काढून टाकलेला असतो. वूफरच्या ॲम्पला फक्त खालचे स्वर मिळतात, ट्विटरच्या ॲम्पला फक्त वरचे, आणि ड्रायव्हरची कॉइल थेट ॲम्पला जोडलेली.

शून्यडेसिबल यांचंच ४० व्होल्टचं उदाहरण घ्या. समजा एखाद्या क्षणी बेसचं शिखर २० व्होल्ट आणि वरच्या स्वरांचं २० व्होल्ट, दोन्ही एकावर एक आले. एकाच ॲम्पला ४० व्होल्ट काढावे लागतात, म्हणजे १०० वॅटचा ॲम्प हवा. ॲक्टिव्हमध्ये प्रत्येकाला २० च काढायचे आहेत, आणि ८ ओमला २० व्होल्ट शिखर म्हणजे २५ वॅट. पंचवीसचे दोन मिळून शंभराचं काम करतात. हे सगळ्यात सोयीचं उदाहरण आहे, रोज असंच होतं असं नाही. पण फायदा खरा आहे, आणि पॅसिव्हमध्ये तो मिळत नाही. शिवाय बेसचा ॲम्प फाटला तरी ट्विटरला त्याचा पत्ता लागत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत हे वर्षानुवर्षं चालू आहे. यामाहाचा एचएस८ घ्या: वूफरला ७५ वॅटचा ॲम्प, ट्विटरला ४५ चा, मध्ये लाइन पातळीचा क्रॉसओव्हर, सगळं एका खोक्यात. मी जुन्या टू-वे (वूफर अधिक ट्विटर) स्पीकरना डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) लावून हे घरी केलंय. लिंक्विट्झ-रायली क्रॉसओव्हर, २४ डेसिबल प्रति सप्तक, वापरला. १९७६ साली मांडलेली ही रचना अजून लोकप्रिय आहे, कारण सांध्यावर दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली असतात आणि बेरीज सपाट येते. ट्विटर थोडा पुढे बसलेला होता, त्याला डीएसपीने उशीर देऊन वूफरशी जुळवला. पॅसिव्हमध्ये हे करायचं तर डोक्याला ताप.

पण घरच्या चांगल्या चालत्या स्पीकरचा क्रॉसओव्हर उपटू नका. बनवणाऱ्याने त्यात फक्त विभागणी केलेली नसते. बॅफलमुळे (स्पीकरच्या पुढच्या फळीमुळे) येणारी घट, ड्रायव्हरचे उंचवटे, ट्विटरची पातळी, सगळं तिथे सावरलेलं असतं. ते पुन्हा उभं करायला मायक्रोफोन आणि चिकाटी लागते. आणि ट्विटर थेट ॲम्पला लावताना वाटेत एक कपॅसिटर ठेवायचाच. ॲम्प चालू-बंद होतानाचा एक धप्पा किंवा डीएसपीमध्ये चुकीचा प्रीसेट, एवढ्यावर ट्विटरचा जीव जातो. ८ ओमला ४० मायक्रोफॅरड म्हणजे साधारण ५०० हर्ट्झ. तुमच्या सांध्यापासून तो पुरेसा खाली राहतो, त्यामुळे त्याचा त्रास कमी होतो.

आळशी_उंट:

ताई, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा धागा आहे. काढाच.

झणत्कार:

मावळती यांच्याशी सहमत. ॲक्टिव्हची बरोबरी नाही. पण धागालेखकांकडे डीएसपी नाही, दोन रिकामे चॅनेल आहेत.

शून्यडेसिबल:

डीएसपी आहे की! रिसीव्हरच्या आत. निळा_पतंग, तुमचे पुढचे स्पीकर ‘लार्ज’ला ठेवलेत की ‘स्मॉल’ला?

निळा_पतंग:

लार्ज. फ्लोअरस्टँडर आहेत म्हणून. दिसतातही लार्ज.

शून्यडेसिबल:

तेच म्हणतो. ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. त्या क्षणी ८० च्या खालचं सगळं, जिथे व्होल्टेज आणि करंट दोन्ही सगळ्यात जास्त खर्च होतात, ते सबवूफरकडे जातं. त्याचा स्वतःचा ॲम्प आहे, स्वतःचा पॉवर सप्लाय आहे, आणि विभागणी ॲम्पच्या आधी होते. मावळती यांनी वर्णन केलेलं ॲक्टिव्ह बाय-ॲम्पिंग तुमच्या घरात विकत आणून ठेवलेलंच आहे, फक्त मेन्यूतल्या एका शब्दाने अडवून धरलंय.

तिरपागडे:

फ्लोअरस्टँडरला ‘स्मॉल’ म्हणायचं म्हणजे पैलवानाला ‘बाळ’ म्हणण्यासारखं. मन धजावत नाही लोकांचं.

मावळती:

+१ शून्यडेसिबल. निळा_पतंग, एखादा मोजणीचा मायक्रोफोन उसना मिळाला तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि तीनही जोडण्या मोजा: साधी, बाय-ॲम्प, आणि स्मॉल अधिक सब. मायक्रोफोन कानाच्या जागी स्टँडवर, मधल्या वेळात तसूभर हलवायचा नाही. मग वाद संपतो.

झणत्कार:

वाद संपत नाही, आलेख येतो.

निळा_पतंग:

मायक्रोफोन मिळाला, सुट्टीत बसलो. अर्धा_ओम यांच्या पद्धतीने पट्ट्या काढल्या. खालच्या जोडीला मीटरवर ५.८ ओम, वरच्या जोडीला ओपन, लाल-लाल आणि काळे-काळे यांत जोड नाही. बाय-ॲम्प लावलं, धूर नाही.

आलेख: साधी जोडणी आणि बाय-ॲम्प यांच्या रेषा एकमेकींवर इतक्या चिकटून बसल्या की एकच दिसते. लेकीला पडद्यामागे बसवून ऐकूनही पाहिलं, मला ओळखता आलं नाही.

स्मॉल अधिक सबमध्ये मात्र मोठा बदल, आणि तिथेच दुसरी भानगड उघडी पडली. ६० हर्ट्झच्या आसपास बसायच्या जागेवर भलामोठा खड्डा आहे. लार्जमध्येही होता, बाय-ॲम्पमध्येही होता. सब कोपऱ्यातून काढून पुढच्या भिंतीच्या मध्याकडे सरकवला तर तो बराच भरून आला. मग ऑडिसी (रिसीव्हरमधली खोलीनुसार आवाज जुळवणारी सोय) पुन्हा चालवलं. सिनेमातला गडगडाट आता एकाच सुरात बडबडत नाही.

झणत्कार:

आनंद आहे. एक हरकत नोंदवतो: पट्ट्या काढून-घालून जोडणी बदलायला दहा मिनिटं जातात, तेवढ्यात आवाजाची आठवण पुसट होते. ऐकण्याची चाचणी तत्काळ बदलणारी हवी. आलेखही फक्त पातळी दाखवतो. माझं बाय-ॲम्प मी काढणार नाही.

शून्यडेसिबल:

चाचणीबद्दलची हरकत रास्त आहे. उलट बाजूनेही ती तितकीच लागू होते, तेवढं लक्षात असू द्या. आणि त्याच मोजणीतून विरूपणाचा आलेखही निघतो, निळा_पतंग यांच्याकडे फाइल असेल तर टाका.

निळा_पतंग:

फाइल आहे, रात्री टाकतो. मग ते दोन चॅनेल? बाय-ॲम्प काढलंय, पुन्हा रिकामे झालेत.

खर्जषड्ज:

५.१.२ करा: आहेत ते पाच, एक सब आणि छताला दोन स्पीकर, डॉल्बी ॲटमॉस (वरूनही आवाज देणारी पद्धत). सिनेमे निम्मे बघता म्हणालात ना, मग त्या चॅनेलचा याहून चांगला उपयोग नाही. नाहीतर झोन टू करून दुसऱ्या खोलीत गाणी.

पायरी_सातवी:

पट्ट्या परत लावल्यात ना? नाहीतर ट्विटर मुके बसतील आणि ऑडिसीने काहीतरी भलतंच ‘दुरुस्त’ केलेलं असेल.

निळा_पतंग:

लावल्या, खिशातून काढून. छतावरचे दोन नक्की कुठे बसवायचे? बरोबर डोक्यावर?

मावळती:

डॉल्बीच्या मार्गदर्शनाप्रमाणे दोनच असतील तर बसलेल्या माणसाच्या कानापासून ६५ ते १०० अंशांच्या कोनात. ९० म्हणजे बरोबर डोक्यावर, तेव्हा किंचित पुढे घेतलेत तर उत्तम. आडवं अंतर पुढच्या दोन स्पीकरच्या रेषेत ठेवा. छतात वायर ओढण्याआधी स्पीकर टेपने तात्पुरते नको, शिडीवर धरून ऐका, आणि धरायला झणत्कारांना बोलवा.

झणत्कार:

येतो. केबल माझी.